नको म्हटलं तरी जायचं

"आई, मला तुला एक सांगायचंय," लेक म्हणाली, आणि घंटी वाजली.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. लेक पहिल्या बसने आली, बॅग कोपऱ्यात टाकली, आईच्या पायाचं प्लास्टर बघून "अगं बाई, केवढं मोठं हे!" म्हणाली, चहा केला, कप घेऊन समोर बसली, आणि तिने तोंड उघडलं की घंटी. जणू घंटीचं बटण तिच्या जिभेलाच जोडलं होतं. आईच्या, म्हणजे सगळ्यांच्या मावशींच्या, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"उघडू नका!" त्या पॅसेजकडे मान वळवून ओरडल्या. "अहो, ऐकताय का? दार उघडू नका!"

पण मावशींचे यजमान, सगळ्यांचे काका, तोवर कडी काढून मोकळे झाले होते. काकांचा जन्म बस चालवण्यात गेलेला. घंटी वाजली की थांबायचं आणि दार उघडून माणूस आत घ्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दारात कुणी ताटकळतंय म्हटलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"या, या! आतच आहे ती. जाणार कुठे!" काकांचा आवाज आला.

"आता कोण?" लेकीने हळूच विचारलं.

"कोण का असेना, सूप घेऊन आलं असणार," मावशी दातओठ खात म्हणाल्या. "हे बघ, पाच मिनिटांत कटवते मी त्यांना. तू काय सांगणार होतीस ते तसंच धरून ठेव. विसरू नकोस."

"विसरण्यासारखं नाहीये ते," लेक म्हणाली. "राहू दे. सवडीने सांगेन."

सवड! संध्याकाळच्या बसने ती परत जाणार होती. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ती शेड जुळवायचं काम करायची आणि उद्या तिची सकाळची पाळी होती. वर्षभराने आली होती पोरगी. तीही एकटी, जावयाशिवाय. एरवी फोनवर "सगळं ठीक" एवढ्यावर आईची बोळवण करणारी ही मुलगी आज आपणहून म्हणत होती, मला सांगायचंय. मावशींनी तिचा चेहरा बघितला होता. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. काहीतरी मोठं होतं. ते आज ऐकलं नाही तर ते तसंच तिच्याबरोबर बसमध्ये बसून परत जाईल आणि पुन्हा कधी या घरात येईल याचा नेम नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

आत आले ते चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. हातात सूपचा थर्मास, काखेत गीतांचं पुस्तक.

आता खरं सांगायचं तर या सगळ्या छळाला जबाबदार एकच व्यक्ती होती, आणि ती पाय उशीवर ठेवून सोफ्यावर पसरली होती. चर्चची भेट समिती मावशींनीच उभी केलेली. दिवसभर पुढच्या खोलीत मशीनवर बसायचं, लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर आत घ्यायची, चेन बदलायची, आणि संध्याकाळी मशीन झाकलं की आजाऱ्यांच्या घरी निघायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. चर्चमधली अर्धी मंडळी त्यांना ओळखायची ती याच कामामुळे, आणि सगळ्यांच्या त्या मावशी झालेल्या.

नियमही मावशींचेच. एकदा मंडळीतली एक एकटी राहणारी म्हातारी आजारी पडली. "नको गं, येऊ नका, मी बरी आहे," असं म्हणाली, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ती तापाने फणफणलेली, घरात प्यायला पाणी नाही. वाचली बिचारी. पण मावशींनी महिला मंडळात टेबलावर हात आपटून सांगितलं, "यापुढे नको म्हटलं तरी जायचं! आपल्या माणसांना मागायची लाज वाटते. जितक्या जोरात नको म्हणतील तितकी जास्त गरज समजायची." शिवाय सगळ्यांनी घोळक्याने जायचं नाही, एकामागून एक जायचं, म्हणजे आजारी माणूस दिवसभर एकटं पडत नाही. सगळ्यांना पटलं. पटलं ते पटलं, चांगलं पाठ झालं. आणि मग मावशी संडे स्कूलच्या खोलीत पडदे लावायला स्टुलावर चढल्या, तोल गेला, घोट्याचं हाड मोडलं, आणि अख्खी भेट समिती सगळ्या नियमांसकट त्यांच्याच डोक्यावर येऊन बसली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. इथे तर पाय आधीच मोडलेला.

"कशा आहात मावशी?" मास्तरांनी खुर्ची ओढून घेतली. लेकीचीच खुर्ची. ती उठून खिडकीशी उभी राहिली.

"बरी आहे. अगदी ठणठणीत. मास्तर, आज जरा माझी मुलगी आली आहे, तेव्हा तुम्ही—"

"ठणठणीत म्हणताय म्हणजे चांगलंच दुखतंय," मास्तर प्रेमाने हसले. "आमच्यापाशी कसला संकोच? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला."

आणि त्यांनी पुस्तक उघडलं. मास्तर आजाऱ्याच्या उशाशी गायला बसले की एकही कडवं गाळत नसत. कडवं गाळणं त्यांना खिसा कापल्यासारखं वाटायचं. आवाज म्हणावा तर भरदार. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं तरी ते डगमगले नाहीत. मग प्रार्थना. तीत घोटा आला, डॉक्टर आला, प्लास्टर आलं, ज्यावरून मावशी पडल्या ते स्टूलसुद्धा आलं. मावशी डोळे मिटून मनात म्हणत होत्या, प्रभू, यांना कुठेतरी आमेन सुचू दे.

सुचलं एकदाचं. मास्तर उठले, दारापर्यंत गेले, मावशींनी सुटकेचा श्वास घेतला, आणि मास्तर मागे वळले.

"बाळ, तुझ्यासाठीसुद्धा बरं का," ते लेकीला म्हणाले. "दर बुधवारी प्रार्थनेत आम्ही सगळे तुझं नाव घेतो. अजिबात धीर सोडायचा नाही. तुझ्या घरी पाळणा हलणार म्हणजे हलणार!"

दार लागलं. लेक खिडकीपासून वळली.

"पाळणा?" लेक म्हणाली.

"अगं, ते मास्तर काहीतरीच बोलतात—"

"आई. काय सांगितलंस तू त्यांना?"

"त्यांना काही नाही सांगितलं! मी फक्त महिला मंडळात सांगितलं. प्रार्थनेसाठी. तेही दार लावून."

"मास्तर महिला मंडळात आहेत?"

मावशींनी प्लास्टरवरचा दोरा उचलला. दोरा नव्हताच तिथे.

"आम्ही डॉक्टरकडे जाऊन आलो ते मी फक्त तुला सांगितलं होतं," लेकीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "रडत सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, कुणाला म्हणून सांगणार नाही."

"नाहीच सांगितलं! प्रार्थनेसाठी ठेवलं मी ते. सांगणं वेगळं आणि प्रार्थनेसाठी ठेवणं वेगळं."

"काय वेगळं आहे त्यात?"

आणि गंमत म्हणजे मावशींना मनापासून वाटत होतं की वेगळं आहे. जिन्यात उभं राहून शेजारणीच्या कानात सांगितलं असतं तर ती चहाडी. डोळे मिटून, गळा दाटून, वीस बायकांसमोर सांगितलं ती विनंती. इतकी वर्षं सगळे असंच करत आले होते. कुणाचा नवरा पितो, कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाला नोकरीवरून काढलं, सगळं अख्ख्या मंडळीला ठाऊक, आणि ते कुणी कुणाला सांगितलं विचाराल तर कुणीच नाही, सगळ्यांनी फक्त प्रार्थना केलेली. मावशींनी हे समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लेकीकडे बघत ते बोलणं शक्य नव्हतं.

"मग मी आता काही सांगितलं," लेक म्हणाली, "तर ते येत्या बुधवारी का पुढच्या?"

"शपथ घेऊन सांगते—"

"शपथ घेऊ नये म्हणून तूच शिकवलंयस." आणि ती कप विसळायला आत निघून गेली.

मावशींना रडूच कोसळायचं, पण संतापाने त्याला वाटच मिळाली नाही. त्यांनी फोन उचलला आणि भेट समितीच्या ग्रुपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आज कृपा करून कोणीही येऊ नये. मला विश्रांती हवी आहे.

धडाधड उत्तरं आली. जोडलेले हात. डोळ्यांत पाणी आणलेले चेहरे. "किती हा नम्रपणा!" "मावशी, आम्ही तुम्हाला एकटं पडू देणार नाही." आणि एकीने, जिची आज पाळीसुद्धा नव्हती, लिहिलं, "वाचून राहवलं नाही. मीही निघते." मावशींनी फोन सोफ्याच्या फटीत कोंबला आणि कपाळावर हात मारून घेतला.

दुपारपर्यंत आणखी तिघी येऊन गेल्या. प्रत्येकीने पाय दाबून बघितला, प्रत्येकीच्या नात्यात कुणाचा तरी घोटा मोडून वाकडाच बसलेला होता, आणि प्रत्येकीने निघताना लेकीच्या पाठीवरून हात फिरवून एक खोल, समजूतदार सुस्कारा सोडला. लेक प्रत्येकीला पाणी देत होती, हसत होती. ते हसू दर वेळी थोडं थोडं झिजत चाललं होतं. मधल्या वेळात मायलेकी जेवल्या. सूपच, दुसरं काय. मावशींनी दोनदा विचारलं, "हं, काय म्हणत होतीस?" आणि दोनदा उत्तर आलं, "काही नाही गं."

काका मात्र खूष. एका दिवसात इतक्यांदा दार उघडायला कधी मिळालं होतं?

आणि मग बँकवाली आली.

बँकवाली म्हणजे मावशींची सगळ्यात लाडकी चेली. बँकेत खिडकीवर बसायची आणि तिथल्या सवयीने समोरच्याचं काम पुरं केल्याशिवाय त्याला हलू द्यायची नाही. आज खास अर्धी रजा काढून आलेली. हातात केवढा तरी मोठा थर्मास.

"नको!" मावशी ती दारातून दिसताच म्हणाल्या. "अगं, आज खरंच नको. जा तू."

"हो, हो, कळलं," बँकवाली पदर खोचत म्हणाली. तिने उशी काढून झटकली, पुन्हा लावली, मावशींचा पाय उचलून वेगळ्या कोनात ठेवला, खिडकी उघडली, पंख्याचा वेग कमी केला. मशीनजवळची रिळं रंगाप्रमाणे लावून टाकली, म्हणजे आता मावशींना महिनाभर एक दोरा सापडणार नव्हता.

"अगं बाई, मी काय म्हणतेय ते ऐकतेस का? मला आज माझ्या मुलीशी बोलायचंय."

"बोला की! मी कुठे मधे येतेय? मी आपली भांडी घासते." आणि ती स्वयंपाकघरात गेली, जिथे मुलगी होती.

मावशी कान देऊन ऐकत राहिल्या. नळाचा आवाज. भांड्यांचा आवाज. मग बँकवालीचा, हळू म्हणून चांगला खणखणीत आवाज, "मिस्टर नाही आले?" लेक काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग पुन्हा बँकवाली, "मला काही सांगू नकोस, मला सगळं माहितीय. ये इकडे. हात दे." आणि नळ बंद झाला, आणि तिने प्रार्थना सुरू केली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून करत असणार, कारण ती नेहमी तशीच करायची, मावशींनीच शिकवलेलं. तिच्या कुशीसाठी. तिच्या संसारासाठी. तिच्या पतीच्या मनासाठी. हिला कसलंच काही वाटत नाही का? मावशी सोफ्यावर नुसत्या तडफडल्या.

लेक बाहेर आली ती डोळे कोरडे, ओठ घट्ट. तिने कोपऱ्यातली बॅग उचलली.

"आई, मी मधल्या बसनेच निघते. उद्या लवकर उठायचंय."

"अगं पण तू मला—"

"फोनवर सांगेन."

ती कधीच सांगणार नव्हती. मावशींना ते लख्ख दिसलं. पुढच्या वर्षी ही येईल, "सगळं ठीक" म्हणेल, सूप पिईल आणि जाईल, आणि तिला काय झालंय ते जगात सगळ्यांत शेवटी आपल्याला कळेल. कुबडी हाताला लागेना, तशा त्या सोफ्याच्या पाठीला धरून एका पायावर उभ्या राहिल्या.

"मावशी! पडाल!" बँकवाली ओल्या हातांनी धावली.

"हात लावू नकोस. तू जा."

"बसा बघू आधी. दुखतंय म्हणून चिडचिड होतेय तुमची—"

"दुखत नाहीये! मी नको म्हणतेय ते मला नको आहे म्हणून म्हणतेय. सूप नको, प्रार्थना नको, तू नकोस. मला तू आत्ता या घरात नको आहेस. याहून सोपं करून मला सांगता येत नाही."

बँकवालीचा चेहरा पडला. हातातलं फडकं तिने दोनदा घडी केलं, दोनदा उलगडलं. "पण तुम्हीच म्हणाला होता..." तिचा आवाज फुटला.

"हो, मीच म्हणाले होते. चुकलं माझं. उद्या तुझ्या पाया पडून माफी मागेन, पण आज जा."

ती गेली. थर्मास तसाच राहिला. जिन्यात तिचं हुंदके देणं ऐकू येत होतं, आणि मावशींना त्याचं वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण तिला परत हाक मारावी असं काही वाटलं नाही.

"अहो!" त्या गरजल्या. काका आधीच पॅसेजमध्ये उभे होते, भांबावलेले. "खुर्ची घ्या आणि खाली जाऊन बसा. बाहेरच्या दाराशी. एकालाही वर सोडायचं नाही. चर्चचे पाळक आले तरी नाही."

"पण त्यांना सांगू काय?"

"काय वाटेल ते सांगा!"

काकांना भरलेला थांबा न थांबता ओलांडायला सांगितल्यासारखं झालं. पण बायकोचा अवतार बघून त्यांनी मुकाट्याने खुर्ची उचलली आणि ते खाली गेले. दार लागलं.

लेक अजून बॅग खांद्याला लावून उभी होती. "एवढं कशाला बोललीस तिला?"

"बस," मावशी म्हणाल्या. "मधली बस गेली तर जाऊ दे. बस तू."

"आई, खरंच काही—"

"मी कुणाला सांगणार नाही."

"महिला मंडळात?"

"नाही."

"पाळकांना?"

मावशी जरा थांबल्या. ते थांबणं दोघींच्याही लक्षात आलं. "पाळकांनाही नाही."

"प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा नाही?"

"नाही गं बाई, नाही! तोंड शिवून घेऊ का? सुई-दोरा इथेच आहे."

लेकीला हसू आलं नाही, पण बॅग खाली आली. ती सोफ्याच्या कडेवर बसली, प्लास्टरच्या पलीकडे, आईकडे न बघता.

"आम्ही वेगळे राहतो आता," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून. मी कारखान्याजवळ एक खोली घेतलीय. भांडण वगैरे काही झालं नाही. एक दिवस जेवताना तो म्हणाला, मला संध्याकाळी घरी यावंसं वाटत नाही. असंच. शर्टाचं बटण तुटलंय असं सांगावं ना, तसं म्हणाला. मी म्हटलं, बरं. आणि मग आम्ही जेवण संपवलं."

मावशींच्या हाताने आपोआप लेकीचा हात धरला, डोळे आपोआप मिटले, मान आपोआप खाली गेली, आणि इतक्या वर्षांत शेकडो बिछान्यांपाशी निघाला होता तो दाटलेला, लांबवलेला आवाज त्यांच्या तोंडून निघायला लागला.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणांशी येतो. तू आमची सगळी दुःखं जाणतोस. पित्या, आज ही तुझी लेक—"

हातातला हात मेल्यासारखा सैल पडला. मावशींनी एक डोळा उघडून बघितलं. लेक समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, मान सभ्यपणे किंचित झुकवून. मास्तर गात होते तेव्हाही ती अशीच उभी होती. बँकवालीच्या हाताखालीही अशीच उभी राहिली असणार. आमेन कधी होतंय याची वाट बघणारा चेहरा.

अरे देवा. मीच की.

"पित्या, थांब जरा," मावशी त्याच दमात म्हणाल्या, पण घरातल्या आवाजात. "तुझं नंतर बघू. आधी ही बोलतेय."

लेकीने गर्रकन मान वळवली. आईकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि तिला फसकन हसू फुटलं. हसता हसता ती कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. मावशींनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. प्लास्टरला धक्का बसला, कळ मस्तकात गेली, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. विचारायचं किती ओठांवर येत होतं! खोली कशी आहे, जेवतेस काय, मी त्याच्याशी बोलू का, त्याच्या आईशी बोलू का. सगळं गिळलं. आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

लेक बोलत राहिली. खोलीबद्दल बोलली. रविवारी दुपारी काय करायचं ते सुचत नाही, म्हणून मुद्दाम जादा पाळी मागून घेते म्हणाली. शेड जुळवताना हल्ली चुका होतात, साहेब दोनदा बोलले. मग नाक पुसून म्हणाली, "मी एकदा आले होते तुला सांगायला. थंडीतच. लगेच त्याच आठवड्यात."

"इथे? कधी? मला कसं नाही—"

"खालूनच परत गेले. जिन्यात चपलाच चपला होत्या, पार खालच्या पायरीपर्यंत. वर गाणं चालू होतं. मी म्हटलं, एवढ्या सगळ्यांमधून आत कशी जाऊ? काय सांगू? थोडा वेळ उभी राहिले. मग पाऊण वाजताची बस मिळाली."

मावशींना ती सभा आठवली. आठवायला कष्ट पडलेच नाहीत. त्यांच्या घरात एवढी माणसं एकदाच जमली होती. पुढच्या खोलीत जागा नव्हती म्हणून मशीन आत सरकवलं होतं. सगळ्यांनी सकाळपासून उपास धरला होता. मावशी स्वतः खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि इतक्या रडल्या होत्या की मंडळातल्या दोघींना त्यांना धरून उठवावं लागलं.

हे सांगावं की गिळावं? सांगितलं तर पोर उठून जाईल. न सांगून मात्र यापुढे चालणार नव्हतं.

"ती सभा तुझ्यासाठी होती," त्या म्हणाल्या. "तुला मूल व्हावं म्हणून. मीच बोलावलं होतं सगळ्यांना."

लेकीने मांडीवरून डोकं उचललं.

"आणि मी खाली उभी होते," ती म्हणाली.

"आणि तू खाली उभी होतीस."

मग मात्र मावशींचा बांध फुटला. देवासमोर रडायची त्यांना सवय होती, लेकीसमोर नव्हती, त्यामुळे ते रडणं वेडंवाकडंच निघालं, नाकातून, हुंदके अडकत. "मला माफ कर गं," त्या म्हणाल्या. "मला एक पायरी उतरून खाली बघायला हवं होतं." लेकीने त्यांना माफ केलं असं काही म्हटलं नाही. तिने टेबलावरचा मोजमापाच्या पट्टीखालचा कापडाचा तुकडा घेतला आणि आईचं नाक पुसलं, जरा जोरातच.

संध्याकाळची बस निघून गेली असावी. दार हळूच उघडलं आणि काकांनी मान आत घातली.

"चारजण येऊन गेले," ते कुजबुजले. "पाळकही आले होते. सगळे परत गेले."

"गेले?" मावशींना खरं वाटेना. "तुम्ही नको म्हटलंत आणि ते गेले?"

"छे! नको म्हटलं तर कुणी हलेना. थकलीय म्हटलं, झोपलीय म्हटलं, काही उपयोग नाही. शेवटी म्हटलं, वर मायलेकींचं भांडण चाललंय. लगेच गेले." काकांनी एकीकडून दुसरीकडे बघितलं, दोघींचे सुजलेले डोळे बघितले, आणि ते घाबरत म्हणाले, "संपलं का?"

"नाही बाबा," लेक म्हणाली. "अजून बरंच आहे."

"बरं," काका म्हणाले. "मग मला एक उशी द्या. ती खुर्ची फार टोचते."